आप्पांना नजारा दाखवला त्याची गोष्ट

डोंगरावर माणूस जातो तो शेरडं चारायला, नाहीतर सरपणाला, नाहीतर देवाला. आमच्या भागात चौथं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. ते आमच्या ह्यांनी शोधून काढलं. म्हणे नजारा बघायला जायचं.

हे म्हणजे माझे मालक. तामलवाडीला निजाम सरकारच्या शाळेवर मास्तर होते. उर्दू फर्डी, अक्षर मोत्यासारखं, आणि व्यवहारज्ञान नावालाही नाही. हैदराबादला दोन महिने कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आले आणि येताना ही सैरीची खोड घेऊन आले. तिथं म्हणे मोठी माणसं सुट्टीच्या दिवशी डबे बांधून टेकडीवर चढतात, वर उभं राहून खालचं बघतात आणि उतरून घरी येतात. मी विचारलं, “आणतात काय वरून?” म्हणाले, “काही नाही.” “मग जातात कशाला?” तर ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच येडी.

खोडीबरोबर एक दुर्बीणही आणली होती. जुनी, लष्करातल्या कुणाची तरी. तिला खांद्याला अडकवायची चामड्याची पेटी, गळ्यात घालायला चामड्याचा पट्टा. घरात ती कुठं ठेवायची यावरून पहिल्याच दिवशी तमाशा झाला, कारण घरात आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे सासरे. जळकोटला त्यांचं किराणा दुकान. सासूबाई गेल्यावर दुकान थोरल्या दिरांच्या हवाली करून ते आमच्याकडं राहायला आले. आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं लिंग असतं, जन्मल्यावर बांधतात ते मेल्यावर सोबत पुरतात. रोज अंघोळ करून त्याची पूजा करायची, तीर्थ घ्यायचं, मग बाकीचं. ते अंगावेगळं करायचं नाही. आणि जुन्या माणसांचा कायदा असा, की लिंग हरवलं तर अन्न नाही, पाणी नाही. सापडलं तर ठीक, न्हाय सापडलं तर बसल्या जागी प्राण सोडायचा. आमच्या वेळेपर्यंत आमचे गुरू, जंगम लोक, समजुतीनं दुसरं बांधून देऊ लागले होते. पण आप्पांना ते पटत नसे. “दुसरं लिंग म्हंजे दुसरा जन्म,” म्हणायचे, “त्यो काय बाजारातनं आणायचा व्हय?”

असा माणूस मेलेल्या जनावराचं कातडं देवाच्या खोलीत येऊ देईल? दुर्बीण अंगणातल्या खुंटीला लागली, चपलांच्या वर. ह्यांचं तोंड आठवडाभर उतरलेलं.

तर झालं असं, की दिवाळीची सुट्टी संपत आली आणि ह्यांच्या डोक्यात आलं की आप्पांना डोंगर दाखवायचा. गावाच्या उत्तरेला बालाघाटाची रांग आहे. तिच्यावर उभं राहिलं की खाली इंग्रजी मुलूख दिसतो, थेट सोलापूरच्या गिरण्यांच्या चिमण्या दिसतात, असं ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आप्पांचं वय साठीच्या पुढं. मला चौथा महिना. मी म्हटलं, “अहो, म्हातारा माणूस आणि पोटुशी बाई, हे दोघं सोडून कुणी भेटलं नाही का तुम्हाला?” तर म्हणाले, “हवा चांगली असते वर.” जशी काही खाली आम्ही माती खात होतो.

आप्पा नाही म्हणतील या आशेवर मी होते. पण आप्पांनी लेकाचं तोंड बघितलं आणि म्हणाले, “एवढं म्हणतोय तर जाऊन येऊ. पोरगं हौशी हाय.” पोरगं तीस वर्षांचं होतं.

सकाळी आप्पांची पूजा उरकल्यावर निघालो. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि पाण्याची पितळी चरवी. हे सगळं माझ्याकडं. ह्यांच्याकडं दुर्बीण, कारण ती म्हणे नाजूक. पहिला चढ सुरू होईस्तोवर माझी कंबर मोडली. मग आप्पांनीच न बोलता माझ्या हातातली चरवी घेतली. ह्यांनी ते बघितलं आणि पुढं जाऊन झाडं दाखवायला लागले. हा खैर, हा धावडा, हा पळस. मी जन्मापासून बघत आले ती झाडं मला नावं घेऊन दाखवत होते.

रान मात्र दाट होतं, खोटं कशाला बोलू. सीताफळीची झुडपं अंगाला घासत होती. फळं आमच्या आधीच कुणी तोडून नेली होती, उरलेली पाखरांनी खाल्ली होती. मधून एक वाळलेला ओढा, त्यातली धोंडं चढून जावं लागे. कमरेएवढं गवत, त्याची कुसळं लुगड्यातून मांडीला टोचायची. मी चार पावलं टाकायची आणि कुसळं काढत बसायची. हे वरून ओरडायचे, “या, या, आलंच आता!”

आलंच आता! या दोन शब्दांवर माणसाला शिक्षा पाहिजे. पहिल्या टेकाडावर पोचलो, धापा टाकत, तर समोर काय दिसलं? दुसरं टेकाड. पहिल्यापेक्षा उंच. मी म्हटलं, “हाच का तुमचा नजारा?” तर म्हणाले, “त्याच्या वरून दिसतं.” आप्पा एका दगडावर बसले होते. हसून म्हणाले, “आपल्या दुकानात गिऱ्हाईकाला असं सांगितलं असतं तर त्यानं गुळाची ढेप डोक्यात घातली असती.”

दुसऱ्या टेकाडावर मात्र चिमण्या दिसल्या. नुसत्या डोळ्यांनी कसलीशी धूसर रेघ, पण ह्यांनी दुर्बीण लावली आणि नाचायचेच बाकी राहिले. “दिसल्या! आप्पा, दिसल्या! इंग्रजी मुलूख!” मग आप्पांनी बघायलाच पाहिजे असा धोसरा. आप्पा म्हणाले, बेडा, बेडा. त्यांच्या तोंडात नकाराला कानडीच शब्द यायचा. चामडं गळ्यात नको. तर ह्यांनी आपला पांढरा रुमाल काढून त्या पट्ट्याला गुंडाळला, “आता कापडच लागेल अंगाला,” म्हणाले आणि पट्टा त्यांच्या डोक्यावरून गळ्यात घातलाच.

आप्पांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

“काय दिसतंय?” हे.

“धूर.”

“गिरण्या आहेत त्या!”

“असतील बाबा. ज्वारीचा भाव काय चाललाय तिथं, ते दिसतंय का बघ.”

मी पदरात तोंड घालून हसले. हे चिडले आणि त्यांनी दुर्बीण आप्पांच्या डोक्यावरून ओढून काढली. ओढताना पट्टा पटक्यात अडकला, पटका सुटला आणि वाऱ्यानं उताराला लागला. आठ हात कापड, असं उलगडत निघालं. आप्पा “आरं, आरं” करतायत, मी पोटावर हात धरून पळतेय, आणि हे ती दुर्बीण पेटीत कोंबतायत, कारण तिला धूळ लागू नये! बाप बोडक्या डोक्यानं उभा आहे आणि ह्यांना काचेची काळजी.

पटका अडवला एका शेळीनं, म्हणजे तिनं तो खायलाच सुरुवात केली होती. तिच्यामागं झुडपातून एक बाई निघाली, हातात काठी, कपाळाला भलं मोठं कुंकू. तिनं शेळीच्या तोंडातून पटका ओढून माझ्या हातात दिला आणि ह्यांची काळी टोपी बघून हात जोडले. तिला वाटलं आम्ही जंगलखात्याचे. “सायब, चुकून आल्यात शेरडं, म्या आत्ताच खाली न्हेती,” म्हणायला लागली. मी म्हटलं, “मावशी, आम्ही कुणी नाही. आम्ही नजारा बघायला आलोय.” तिनं माझ्या पोटाकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं. तिचं तोंड मला वाचता आलं. मी तिच्याशी सहमत होते.

आप्पांनी पटका बांधला. मला वाटलं, आता भाकरी खायची आणि उतरायचं. पण ह्यांचं तिसरं टेकाड राहिलं होतं. तिथनं तुळजापूरची बाजू दिसते म्हणे, देवीच्या डोंगराची. देवीचं नाव घेतल्यावर आप्पा उठले. मी काय करणार? उठले.

आणि आता जे खरं ते सांगते. तिसऱ्या टेकाडावरून जे दिसलं ते बघून मी कुसळं काढायची विसरले. एका अंगाला डोंगरामागं डोंगर, निळसर होत गेलेले, दुसऱ्या अंगाला सगळा सपाट मुलूख, ज्वारीचे हिरवे पिवळे तुकडे, मधनंच एखादं गाव मुठीत मावेल एवढं. मला वाटलं, अगं बाई, एवढं मोठं आहे का हे सगळं. ह्यांच्याकडं बघून हसावंसंही वाटलं. तेवढ्यात आप्पांनी देवीच्या दिशेला हात जोडले, आणि रीतीप्रमाणं उजवा हात छातीकडं नेला.

हात तिथंच राहिला. मग दुसरा हात गेला. त्यांनी अंगरख्याच्या आत चाचपलं, गळ्याभोवती फिरवलं, कमरेला बघितलं. तोंडाचा रंगच गेला.

“लिंग न्हाय,” म्हणाले.

आम्ही आजूबाजूचं गवत पिंजून काढलं. आप्पांनी अंगरखा काढून झटकला, धोतराचा सोगा झटकला. पांढऱ्या कापडात गाठ मारलेलं, दोऱ्यात ओवलेलं, आवळ्याएवढं. चाळीस वर्षांपूर्वी जळकोटच्या दुकानाला आग लागली होती तेव्हाही त्यांनी छातीवर हात धरून ते वाचवलं होतं, असं सासूबाई सांगायच्या. आणि इथं, हवा चांगली म्हणून आलेल्या डोंगरावर, ते गेलं.

आप्पा मांडी घालून बसले. हे म्हणाले, “आप्पा, खाली उतरू, आम्ही पुन्हा येऊन शोधू. तुम्ही पाणी घ्या आधी.”

“बेडा.”

“आप्पा, ऊन झालंय.”

“सापडल्याबिगर मी उठत न्हाय आन पाणी बी घेत न्हाय. तुमी शोधा. न्हाय सापडलं तर तुमी जावा घरी.” हे सगळं इतक्या थंड आवाजात, की जणू दुकान बंद करायची वेळ झाली.

हे परत त्याच गवतात हात घालत राहिले. मला मात्र राग आला. कुणाचा म्हणून सांगू? ह्यांचा, त्या दुर्बिणीचा, डोंगराचा, आप्पांचा, माझ्या वडिलांचा, ज्यांनी असल्या घरात दिलं. सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे तेव्हा. मी उघडलं. चरवी त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, “तुम्ही पाणी घेणार नाही ना? मग मीही घेत नाही. मी आणि माझ्या पोटातलं, दोघं इथंच बसतो तुमच्याशेजारी.”

आप्पांनी मान वर केली. “येडी हायस का तू? प्वॉट हाय तुला. पी ते पाणी.”

“तुम्ही पिल्याबिगर न्हाय.”

“माज्यावर असा जुलूम करू नगंस, पोरी.” दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. शेळ्यांची बाई आमच्यामागून वर आली होती, ती म्हणाली, “देव हरवला म्हून माणूस मारायचा व्हय? असला कसला देव?” तिनं शेरडं तिथंच बसवली आणि आप्पांशेजारी उकिडवी बसली. मला म्हणाली, “तू जा बाई, शोध. मी बसती म्हाताऱ्यापाशी.”

आम्ही दोघं आल्या वाटेनं उतरत गेलो. एकेक झुडूप, एकेक दगड. हात ओरबाडले. घसा असा सुकला होता की थुंकी गिळवत नव्हती, पण बोलून बसले होते ना, शब्द कसा मोडणार? हे मागं चालत होते आणि पुटपुटत होते, “मी तर फक्त दाखवायला आणलं होतं. फक्त दाखवायला.” दुसऱ्या टेकाडापर्यंत आलो. पटका उडाला ती जागा दोनदा चाळली. ऊन डोक्यावर आलं. हे एका दगडावर मटकन बसले आणि म्हणाले, “एवढ्या गवतात आवळ्याएवढी वस्तू दिसणार कशी?”

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, “दिसणार कशी? त्या दुर्बिणीचा एवढा टेंभा मिरवता, वीस मैलांवरच्या चिमण्या दिसतात तुम्हाला! मग काढा की ती आणि शोधा त्यातनं बापाचा देव!”

मी टोमणा मारला होता. पण ह्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यांनी खरंच पेटी उघडली. पट्टा बाहेर ओढला, त्याला गुंडाळलेला पांढरा रुमाल आला, आणि रुमालाच्या गुंत्यात पांढऱ्या कापडातली गाठ. दोरा सगळाच्या सगळा. पटका उडाला तेव्हा पट्ट्याबरोबर तोही डोक्यावरून निघून आला होता, आणि ह्यांनी रुमाल समजून तो आत कोंबला होता. इतका वेळ दोन टेकाडांवर आम्ही ज्याला शोधत होतो ते ह्यांच्या खांद्याला लोंबत होतं.

मी मोठ्यानं हसले का रडले, मला आठवत नाही. हे मात्र पांढरेफटक पडले. म्हणाले, “चामड्यात होतं.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. वाटेत गवतात पडलं असतं तर ती चूक झाली. पण मेलेल्या जनावराच्या कातड्याच्या पेटीत, तीही चपलांच्या वर खुंटीला टांगलेली? आप्पांना हे कळलं तर? ते घेतील तरी का परत? ह्यांनी माझा हात धरला. “तू सांग गवतात सापडलं. माझं खोटं त्यांना कळतं, तुझं कळणार नाही.” आणि मी, दोन वर्षं ह्यांच्या प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारी मी, याच गोष्टीला हो म्हणाले. मला तहान लागली होती. मला हे सगळं संपायला हवं होतं.

वर जाऊन मी म्हटलं, “आप्पा, गवतात सापडलं. पटका उडाला तिथं.” हे माझ्यामागं उभे होते, आकाशाकडं बघत.

आप्पांनी ते दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्याला लावलं. माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं बघितलं. मग चरवीतलं पाणी घेऊन लिंगावर सोडलं, तीर्थ घेतलं आणि चरवी माझ्याकडं सरकवली. “पी आता,” म्हणाले. मी अर्धी चरवी एका दमात प्यायले. शेळ्यांची बाई म्हणाली, “गावला की न्हाई? उगं जीव टांगणीला.” आम्ही तिला दोन भाकरी दिल्या, तिनं मला चार सीताफळं दिली. कुठून आणली होती कुणास ठाऊक, आम्हाला एकही दिसलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणं आप्पांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाले, “आजपास्नं दुपारी बारापतुर पाणी न्हाय. सकाळचं तीर्थ तेवढं.” मी विचारलं, “का?” म्हणाले, “चूक झाली, ती फेडायची.” किती दिवस? “बघू.”

दीड वर्ष! दीड वर्ष मी त्या घरात बाराची वाट बघत काढलं. मुलगी झाली, तिचं बारसं झालं, त्या दिवशीही बारापर्यंत नाही. ताप आला, नाही. चैत्रात अंगाची लाही व्हायची, म्हातारा ओसरीवर जीभ टाळूला लागलेली घेऊन बसायचा आणि मी चुलीपाशी दात खात बसायची. आमच्या जंगमांनी समजावलं, आता पुरे. आप्पा म्हणायचे, “अजून फिटलं न्हाय.” मला ठाऊक होतं, की लिंग भुईवर पडलंच नव्हतं. ज्या चुकीसाठी हा माणूस सुकत होता ती झालीच नव्हती. जी झाली होती ती सांगायची तर चामडं सांगावं लागणार. मी ह्यांना म्हणायची, “तुम्ही सांगा.” हे म्हणायचे, “आणखी काय पत्करतील कुणास ठाऊक, बारापर्यंत आहे ते जन्मभरावर जाईल.” दुर्बीण मी माळ्यावर टाकली होती. हे तिचं नाव काढत नव्हते.

मग हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि आमच्या मुलखात निजामच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात रझाकारांची धामधूम वाढली. शाळा बंद पडली, गावात रोज नवी अफवा. वैशाखात ठरलं की सोलापूरकडं निघायचं. नाक्यावर झडती होते म्हणून नाका टाळून, ओढ्याकाठानं, रानातनं लांबचा फेरा घालून जायचं. पहाटे निघालो. ह्यांच्या डोक्यावर बोचकं, माझ्या कडेवर वर्षाची पोरगी, आप्पांच्या हातात तीच चरवी. वाटेत विहिरी होत्या, पण वस्तीजवळ जायची भीती. तेवढ्या पाण्यावर निभवायचं होतं.

आठ वाजले आणि वैशाख भडकला. आप्पा अडखळायला लागले. एकदा गुडघ्यावर आले, उठले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ह्यांनी त्यांना धरून एका बाभळीखाली बसवलं. डोळे खोल गेले होते, ओठांना पांढरी पापडी. चरवी त्यांच्याच मांडीवर होती, भरलेली. हे गयावया करायला लागले, “आप्पा, एक घोट.” आप्पांनी मान हलवली. बारा वाजायला चार तास होते आणि हा माणूस अर्धा तास काढेल असं मला वाटेना.

मी पोरीला खाली ठेवलं आणि ओरडले. रझाकारांनी ऐकलं असतं तरी चाललं असतं मला. “ते भुईवर पडलंच नव्हतं, आप्पा! मी खोटं बोलले! ते दुर्बिणीच्या पेटीत होतं, चामड्याच्या पेटीत, तुमच्या लेकाच्या खांद्यावर! आम्ही दोघांनी मिळून लपवलं तुमच्यापासनं! आता काय शाप द्यायचा तो द्या, पण पाणी प्या!”

आप्पांनी बाभळीला पाठ टेकवली. मग म्हणाले, “म्हाईत हाय मला.”

“काय?”

“त्याच दिशी कळलं. लेक माजा हाय. खोटं बोलायचं असलं की आभाळाकडं बघतोय, लहानपणापास्नं.”

“मग चामडं?”

“चामड्याचं काय? साठ वरसं माज्या छातीच्या चामड्यालाच लागून हुतं ते.” ते दम खायला थांबले. “समदे चामड्यातच हाओत आपण.”

मला रडू यायच्या आधी रागच आला. “मग दीड वर्ष कशासाठी? कुणाची चूक फेडत होता तुम्ही?”

“देव हातात घिऊन तू खोटं बोललीस,” आप्पा म्हणाले. “माज्या घरात बोललीस. कुणीतरी फेडायला नगं? तुज्या पोटात लेकरू हुतं. तुला तहानलेली ठिवू का?”

मी त्यांच्या मांडीवरची चरवी उचलली.

“आता बोललीस खरं,” म्हणाले. “वत पाणी.”

मी चरवी उघडली. त्यांनी आधी ओंजळीत घेऊन पोरीला पाजलं, पोट भरून. मग ओंजळ पुढं केली आणि मी ओतत गेले. ते पीत गेले, डोळे मिटून, सावकाश, पाणी कोपरावरून गळत होतं. मला वाटलं आता थांबतील, आता थांबतील. ते थांबले नाहीत. शेवटचा थेंब पडला तेव्हा त्यांनी तोंड पुसलं आणि काठीला धरून उठले.

आम्हा दोघांना घोटभरही ठेवलं नाही म्हाताऱ्यानं. पुढं दोन कोस चालायचं होतं. आता फेडायची पाळी आमची होती. रिकामी चरवी मी हातात घेतली, पोरीला कडेवर घेतलं आणि आम्ही दोघं तसेच, सुकलेल्या घशानं, त्यांच्यामागून चालायला लागलो.